‘सिस्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही’: वॉर्डातल्या रुग्णाची झोप कुठे अडते, ते कसे शोधावे

मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स म्हणून मला 17 वर्षे झाली. या काळात पंप बदलले, मॉनिटर बदलले, पण सकाळी ओव्हर देताना (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना) सांगावी लागणारी एक तक्रार तशीच राहिली: ‘रुग्णास रात्री झोप नाही.’ तिच्यावरचा रूढ उपाय म्हणजे ऑर्डर शीटच्या तळाशी ‘एसओएस’ (गरज पडली तरच) म्हणून लिहिलेली झोपेची गोळी. ती द्यावीच लागते अशाही रात्री असतात, पण माझ्या अनुभवात त्या थोड्या. बहुतेक वेळा झोप कशाने तरी अडलेली असते आणि ते कारण अर्ध्या तासात सापडते. ते न शोधता गोळी दिली, तर कारण जागच्या जागी राहते आणि वर गुंगी चढते. नव्याने नाईटला लागणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी आणि रात्री रुग्णाजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांसाठी, मी ज्या क्रमाने हे कारण शोधते तो क्रम इथे लिहिते आहे.

लक्षणे

‘झोप नाही’ या तक्रारीच्या पोटात निदान पाच वेगवेगळ्या तक्रारी असतात, आणि त्यांतली कोणती आहे हे कळले की निम्मे काम होते. एखादा रुग्ण 10 वाजता दिवा मालवल्यावर 1 वाजेपर्यंत नुसती कूस बदलत राहतो. त्याच्या बाबतीत दुखणे, संध्याकाळचा चहा, दुपारची लांबलेली झोप किंवा मनातली धास्ती पाहावी. दुसऱ्याला झोप लागते, पण तासातासाला मोडते. तिथे लघवी, आवाज किंवा आपलीच कामे आड येत असतात. तिसरा झोपी गेल्यावर एक-दोन तासांनी धाप लागून उठून बसतो, पाय खाली सोडतो, आणि बसल्यावर त्याला बरे वाटते. ही निद्रानाशाची तक्रार नाही, छातीची आहे. चौथा पहाटे 3 ला जागा होतो आणि पुन्हा झोपत नाही. पाचवा दिवसभर पेंगतो आणि रात्र पडली की टक्क जागा होतो.

यांखेरीज एक रुग्ण असा असतो, जो आपण राउंडला गेलो तेव्हा डोळे मिटून पडलेला होता आणि सकाळी मात्र ‘एक क्षण झोपलो नाही’ असे सांगतो. त्याला खोटे ठरवू नये. डोळे मिटलेले दिसले की आपण ‘झोपले आहेत’ असे लिहून मोकळे होतो, आणि ही चूक मी स्वतः कित्येक वर्षे केली आहे.

आधी दोन मिनिटे: इथेच थांबायचे का?

सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा क्रम मी पाळते, परंतु त्याआधी एक नजर अशी टाकते की पुढचे काही करायचेच नाही, सरळ ड्यूटी डॉक्टरांना बोलवायचे, हे ठरावे. श्वास मिनिटाला 25 किंवा त्याहून जास्त, अथवा 8 किंवा त्याहून कमी असेल. ऑक्सिजन 92 च्या खाली गेला असेल (फुप्फुसाचा जुनाट आजार असलेल्यांना डॉक्टर बहुधा 88 ते 92 ही पातळी ठरवून देतात, ती चार्टवर पाहावी). छातीत दुखत असेल. अंगाला गार घाम सुटला असेल. किंवा कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज असंबद्ध बोलत असेल, तर झोपेचा विचार बाजूला ठेवावा. मधुमेहाचा रुग्ण रात्री अस्वस्थ, घामाघूम किंवा चिडचिडा झाला, तर आधी बोटाची साखर पाहावी. ती 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून त्याला नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, डॉक्टरांना कळवावे आणि 15 मिनिटांनी साखर पुन्हा पाहावी.

नातेवाइकांसाठी एवढेच: यांपैकी काहीही दिसले, तर ‘सिस्टर झोपल्या असतील, कशाला उठवायचे’ असा संकोच करू नये. आम्ही त्यासाठीच जाग्या असतो.

पहिली तपासणी: विचारणे

याला काहीच खर्च नाही, आणि तरी हेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. घरी किती वाजता झोपता, उशा किती लागतात, कोणत्या कुशीवर झोपता, रात्री किती वेळा उठता, आणि इथे नेमके कशाने जाग येते, एवढे पाच प्रश्न पुरतात. खेड्यातून आलेल्या कित्येकांनी आयुष्यभर जमिनीवर घोंगडी टाकून झोप घेतलेली असते. उंच कॉटवरून आपण पडू, या भीतीने ते रात्रभर अंग आवळून पडतात, पण तसे बोलून दाखवत नाहीत. कॉट खाली घेतली, बाजूचे कठडे वर केले आणि त्यांना एकदा हात लावून दाखवले, की अंग सैल पडते.

व्यसनांचा प्रश्न मात्र वेगळा आणि एकांतात विचारावा. न्यूमोनियाच्या एका आजी दोन रात्री तळमळत होत्या, लेकीवर डाफरत होत्या, आणि सगळ्या तपासण्या सुधारत असताना त्या का बिघडत आहेत हे कुणाला कळत नव्हते. तिसऱ्या रात्री मी त्यांच्या पाठीला पावडर लावताना मिश्रीबद्दल सहज विचारले. त्यांनी आधी लेक दाराबाहेर गेल्याची खात्री केली आणि मग चार बोटे दाखवली: दिवसातून चार वेळा, लग्नापासून. अ‍ॅडमिट झाल्यापासून ती एकदम बंद झाली होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, त्यामुळे ती तुटल्यावर चिडचिड आणि निद्रानाश होणे हे ठरलेले. डॉक्टरांना सांगितल्यावर निकोटिनच्या पर्यायाचा विचार झाला. लेकीचा रागही निवळला, कारण आई आपल्यावर उगाच खेकसत नव्हती, हे तिला कळले.

दारूचे गणित याहून कडक आहे. रोज पिणाऱ्याची शेवटची दारू घेऊन 6 ते 24 तास झाले असतील आणि त्याला झोप नसेल, हात थरथरत असतील, घाम येत असेल, तर ही दारू तुटल्याच्या त्रासाची सुरुवात असते. 48 ते 72 तासांच्या सुमारास भ्रम आणि जिवाला धोका उभा राहू शकतो. अशा वेळी ‘पहिल्या रात्री जागा चुकल्यामुळे झोप येत नाही’ असे समजून सोडून देऊ नये. त्याच रात्री डॉक्टरांना कळवावे.

दुसरी तपासणी: अंथरूण आणि अंग

हातात टॉर्च घ्यावा, उजेड जमिनीकडे ठेवावा आणि रुग्णाच्या पाठीखालून हात फिरवावा. ड्रॉशीटला (कमरेखालच्या आडव्या चादरीला) चुणी पडली आहे का, खालची रबर शीट घामाने चिकटते आहे का, बिस्किटाचा चुरा आहे का, सलाइन गळून चादर ओली झाली आहे का, हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळते. पंखा थेट तोंडावर आहे का आणि डास आहेत का, हेही पाहावे. ढेकणांची तक्रार रुग्ण लाजेने करत नाहीत. गादीची शिवण उलटून पाहिली की खरे काय ते कळते.

त्यानंतर मूत्राशय. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर नळी अंगाखाली दाबली गेली आहे का आणि युरोबॅग भरली आहे का, ते पाहावे. नसेल तर शेवटची लघवी कधी झाली, ते विचारावे आणि बेंबीखाली हात ठेवून पाहावा. खाजेसाठी फेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचे औषध दिलेल्या एका वयस्क रुग्णाची रात्रभर उलघाल चालली होती आणि नातेवाईक झोपेच्या गोळीसाठी तिसऱ्यांदा आले होते. पोटावर हात ठेवला तर बेंबीखाली नारळासारखा गोळा लागला. डॉक्टरांनी कॅथेटर टाकायला सांगितले, 800 मिलिलिटर लघवी निघाली, आणि बॅग लॉकरपाशी अडकवेपर्यंत ते घोरू लागले होते. अशा औषधांनी वयस्क पुरुषांची लघवी तुंबू शकते आणि भ्रमही होऊ शकतो, म्हणून ‘अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन दिले की झोप पण लागते’ हा वॉर्डातला सल्ला मला मुळीच पसंत नाही.

उशीचा उपयोग बहुतेकांना ठाऊक असतो. धाप लागणाऱ्याला पाठीमागून उंच करावे, कुशीवर झोपणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी द्यावी, अर्धांगाच्या रुग्णाचा निकामी हात उशीवर ठेवावा. पाय गार असतील तर मोजे घालावेत, कारण पाय ऊबदार झाले की त्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीर आतली उष्णता बाहेर टाकते आणि झोप लवकर येते. कोमट पाण्यात पाय बुडवण्याचा जुना उपाय त्यामुळेच लागू पडतो. मात्र मधुमेहाने ज्यांच्या पायांना बधिरपणा आहे, त्यांच्यासाठी पाणी नेहमी आपल्या हाताने तपासून घ्यावे आणि गरम पाण्याची पिशवी अजिबात देऊ नये. भाजलेले त्यांना कळत नाही.

दुखणे किती आहे, ते 0 ते 10 मध्ये विचारावे. लिहून दिलेली वेदनाशामक गोळी झोपण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. दुखून जाग आल्यावर दिलेली गोळी लागू पडेपर्यंत झोप पार उडालेली असते.

तिसरी तपासणी: आवाज आणि उजेड

एका रात्री 11 वाजता मी रिकाम्या कॉटवर वीस मिनिटे डोळे मिटून पडले आणि जे ऐकले, ते मनात टिपत गेले. ड्रेसिंग ट्रॉलीचे एक चाक दर फेरीला किंचाळत होते. कचऱ्याच्या डब्याचे पायाने उघडणारे झाकण पाय सुटला की आदळत होते. स्टीलची किडनी ट्रे स्टीलच्याच ओट्यावर ठेवली जात होती. टेबलावरचा फोन पूर्ण आवाजात वाजत होता. कुणाच्या तरी मोबाइलवर मालिका चालू होती. पण सर्वांत स्पष्ट ऐकू आला तो आमचाच आवाज, टेबलाभोवतीच्या गप्पांचा. दुसऱ्या दिवशी चाकात तेलाचे थेंब टाकले, झाकणाच्या कडेला चिकटपट्टीने रबर लावले, ट्रेखाली जुना टॉवेल पसरला. एकूण खर्च चहाच्या दोन कपांइतका आला. गप्पा बंद करणे मात्र अजून पूर्ण जमलेले नाही.

आपल्याकडे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि तिथे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेसाठी 40 डेसिबलची मर्यादा आहे. वॉर्डाच्या आत रात्री सरासरी 30 डेसिबलपेक्षा अधिक आवाज नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. हे 30 डेसिबल मी तरी कोणत्याही जनरल वॉर्डात अनुभवलेले नाहीत. आकडा गाठता आला नाही, तरी अचानक होणारा आवाज तोडावा, कारण पंख्याच्या एकसुरी घरघरीला कान सरावतो, आदळणाऱ्या झाकणाला सरावत नाही. मॉनिटरचा अलार्म मात्र कधीही बंद करू नये. तो उगाच वाजत असेल तर चिकटवलेले इलेक्ट्रोड बदलावेत आणि मर्यादा त्या रुग्णाला साजेशा करून घ्याव्यात. आजोबांनी घरची मफलर कानावरून बांधायला मागितली तर बांधू द्यावी. विकतच्या इअरप्लगपेक्षा ती त्यांना ओळखीची असते.

उजेडाबद्दल थोडक्यात: 10 नंतर मोठे दिवे बंद, टेबलावरचा छोटा दिवा चालू आणि संडासाच्या वाटेवरचा दिवा चालूच, कारण अंधारात पडून खुबा मोडणे हे न झोपण्यापेक्षा फार महाग पडते.

चौथी तपासणी: आपले वेळापत्रक

इथे थोडे कडू लिहावे लागते. एका रुग्णाच्या चार्टवर मी एकदा रात्रीच्या नोंदी वेळेप्रमाणे मांडल्या. 10 वाजता औषधे, 11 ला सलाइन बदलले, 12 ला अँटिबायोटिक, 1 ला रक्तदाब, 2 ला साखर, 4 ला स्पंजिंग (ओल्या फडक्याने अंग पुसणे), 5 ला रक्ताचा नमुना. प्रत्येक काम योग्य होते आणि प्रत्येकाची ऑर्डर होती, पण सलग दोन तासांहून अधिक वेळ त्या माणसाला कुणी सोडले नव्हते. झोपेचे एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचे असते आणि गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येते. आपण नेमका तोच भाग तोडत होतो.

यावर उपाय कामे एकत्र करण्याचा आहे. 8 तासांनी द्यायचे इंजेक्शन 8-4-12 ऐवजी 6-2-10 या वेळांना बसवले, तर डोसांतले अंतर तेच राहते आणि मधली रात्र मोकळी होते. 6 तासांच्या औषधासाठी मध्यरात्री उठवावेच लागते. मग रक्तदाब, साखर आणि कूस बदलणे त्याच वेळी उरकावे. सलाइनची बाटली 10 वाजताच पाहून घ्यावी, म्हणजे 12 ला ती संपून पंप ओरडणार नाही. वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना आणि इनचार्ज सिस्टरना विचारावे, आणि ज्याची प्रकृती नाजूक आहे त्याच्या नोंदी झोपेसाठी कमी करू नयेत. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूसही ठरल्या वेळी बदलावीच, कारण शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) झोप मोडण्यापेक्षा वाईट.

पहाटे 4 च्या स्पंजिंगचे समर्थन मला कधीच करता आलेले नाही. 9 च्या राउंडला सगळे स्वच्छ दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. आमच्या वॉर्डात ज्यांना चालते त्यांचे स्पंजिंग संध्याकाळी 7 वाजता होते, पाठ चोळून होते, आणि त्या कोमट पाण्याने झोपही बरी लागते.

पाचवी तपासणी: दिवस कसा गेला

रात्रीची झोप दिवसा बिघडते. सकाळी पडदे उघडून उजेड येऊ द्यावा, परवानगी असलेल्याला खुर्चीत बसवावे, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून द्यावे, दुपारची झोप 3 च्या आत तासाभरात आटोपावी. चहातले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून नातेवाइकांनी प्रेमाने आणलेला रात्री 9 चा थर्मास परत न्यावा.

सहावी तपासणी: औषधांच्या वेळा

हृदयाच्या आजाराचे एक आजोबा सलग तीन रात्री तासातासाला लघवीला उठत होते, आणि पॉट देऊन देऊन मावशी थकल्या होत्या. ऑर्डरमध्ये फुरोसेमाइड (लघवी वाढवणारी गोळी) दिवसातून दोनदा असे होते, आणि आम्ही दुसरी गोळी सवयीने 8 च्या राउंडला देत होतो. तोंडाने घेतलेल्या या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होऊन सहा ते आठ तास टिकतो, म्हणजे त्यांची रात्र आम्हीच लघवीला वाहिली होती. डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी दुपारी 3 ला नेली, आणि पुढच्या रात्री ते दोनदाच उठले.

चार्ट घेऊन असेच आणखी पाहावे: प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांसारखे झोप उडवू शकणारे स्टिरॉइड संध्याकाळी दिले जात आहे का, दम्याची औषधे रात्री उशिरा पडत आहेत का, घरी रोज घेतली जाणारी झोपेची गोळी इथे एकदम बंद झाली आहे का. आपण फक्त दाखवून द्यायचे; बदल डॉक्टर करतील.

इथून पुढे आपले काम नाही

एवढे सगळे करूनही दोन रात्री झोप आली नाही, तर डॉक्टरांनी पाहायलाच हवे. मोठ्याने घोरताना ज्याचा श्वास मध्येच थांबतो, ज्याचे पाय रात्री शिवशिवतात आणि हलवल्याशिवाय चैन पडत नाही, जो पहाटे उठून ‘आता जगून काय करायचे’ असे बोलतो, अशा रुग्णांना तपासणी आणि उपचार लागतात. जिवावर उदार होणारे बोलणे ऐकू आले, तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच कळवावे आणि रुग्णाजवळ माणूस बसवावे.

भ्रम ओळखण्यासाठी मी एक सोपी गोष्ट करते: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगते. रविवार, शनिवार, शुक्रवार असे म्हणता म्हणता जो वाट चुकतो, खिडकीकडे पाहू लागतो, किंवा हे वॉर्ड आहे हेच विसरतो, त्याचे लक्ष ठरत नाही, आणि कालपर्यंत तो असा नव्हता हे घरचे सांगत असतील, तर हा भ्रम आहे. त्याच्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातल्या सोडियमचा बिघाड, औषध, तुंबलेली लघवी असे काहीही असू शकते. तो शांत पडून राहणाराही असतो, आणि शांत रुग्णाचा भ्रम सगळ्यांच्या नजरेतून निसटतो. अशा रुग्णाला ‘एसओएस’ गोळी परस्पर देऊ नये. वयस्कांमध्ये या गोळ्यांनी भ्रम वाढतो आणि पडण्याचा धोका वाढतो. ज्यांचा श्वास आधीच अपुरा आहे, त्यांचा तो आणखी मंदावू शकतो. शेजारच्या कॉटवरून मागून आणलेली अल्प्राझोलमची (गुंगीची) गोळी तर नकोच. ती शेड्यूल एच 1 या कडक नियमांच्या औषधयादीतली आहे आणि चिठ्ठीशिवाय मिळू नये, यामागे कारण आहे.

रात्री 2.30 ला फोन करताना ‘झोप येत नाही म्हणतात’ एवढेच सांगितले, तर झोपेतल्या डॉक्टरांकडून गोळीचेच नाव येणार. त्याऐवजी नाडी, श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप आणि साखर हातात घेऊनच फोन लावावा. लघवी शेवटची कधी झाली, दुखणे 10 पैकी किती, वार उलटे म्हणता आले का, आणि आपण आतापर्यंत काय काय करून पाहिले, ते सांगावे. शेवटी ‘आपण येऊन पाहावे, असे मला वाटते’ हे वाक्य स्पष्ट म्हणावे. डॉक्टर येऊन गेले की वेळ लिहावी, मग तासातासाने दारातून पाहून, छातीची हालचाल मोजून, ‘झोपले’ किंवा ‘डोळे मिटून जागे’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे.